नट्टापट्ट्याचा हिशोब

मैत्रिणींनो, एक काम करा. गेल्या महिनाभरात आपल्या घरात आलेली नट्टापट्ट्याची प्रत्येक वस्तू हुडकून काढा आणि जमिनीवर ओळीने मांडा. शाम्पूची पाऊचं, गोरेपणाच्या क्रीमची ट्यूब, नेलपॉलिशच्या बाटल्या, टिकल्यांची पाकिटं, मेहंदीचे कोन, केस काळे करायची पुडी, लेकीने मोबाईलवर बघून मागवलेली लिपस्टिक आणि सिरम, पार्लरवालीने "खास तुमच्यासाठी" म्हणून हातात ठेवलेली बिनलेबलची डबी. "मी कुठे काय घेते, एक टिकलीचं पाकीट" असं म्हणणाऱ्या बाईच्या पुढ्यातसुद्धा सात-आठ वस्तू सहज जमतील. आता त्यांच्या किमतीची बेरीज करा आणि शेजारी महिन्याची मजुरी लिहा. सोलापुरात तर हे गणित बोटांवर होतं. मांडीवर सूप घेऊन पान कातरायचं, तंबाखू भरायची, हजार विड्या वळायच्या, त्यातल्या काही छाटात जाणार, उरलेल्याचे पैसे हातात पडणार. एका ट्यूबसाठी किती विड्या वळाव्या लागल्या, हे ज्या बाईची बोटं झिजलीत तिला कुणी शिकवायला नको.

हा हिशोब ऐकून घरातले पुरुष लगेच टाळ्या पिटतील. "बघा, आम्ही म्हणत होतो, बायकांचे चोचले!" त्यांना इथेच थांबवू. चौकातल्या पानटपरीवर, दारूच्या गुत्त्यावर आणि मित्रांच्या पार्टीत महिन्याला किती जातात, त्याची वही त्यांनी अजून कुणाला दाखवलेली नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला पाच-दहा रुपयांत स्वतःसाठी म्हणून काही घ्यावंसं वाटलं, तर त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. आपल्या चळवळीतही एके काळी लिपस्टिक लावून आलेल्या मुलीकडे वाकड्या नजरेने बघायची पद्धत होती. त्या नजरेने मुली दूर गेल्या, लिपस्टिक काही गेली नाही. आपलं भांडण बाईच्या हौसेशी नाही. हौसेच्या नावाखाली तिच्या मनात जी भीती पेरली जाते आणि त्या भीतीच्या पोटी तिच्या अंगावर जे विष चोळलं जातं, त्याच्याशी आहे.

ही भीती कसली? वधूवर सूचक मंडळाचं कुठलंही रजिस्टर उघडा. "नाकीडोळी नीटस, गृहकृत्यदक्ष, निमगोरी." निमगोरी हा शब्द आपल्या भाषेने केवळ लग्नाच्या बाजारासाठी घडवला असावा, असं मला नेहमी वाटतं. सावळी म्हटलं तर स्थळं येणार नाहीत, गोरी म्हटलं तर बघायला आलेले हसतील, म्हणून बापाने काढलेला हा मधला भाव. वराच्या माहितीत पगार असतो, शेती असते, घर स्वतःचं की भाड्याचं ते असतं. त्याचा रंग कुणी विचारत नाही. आणि हे कुठे? ज्या जिल्ह्यात काळ्या विठोबाच्या पायावर डोकं टेकायला लाखो माणसं चालत येतात, तिथे. देव काळा चालतो, सून चालत नाही. काळा रंग म्हणजे उन्हातलं काम, उन्हातलं काम म्हणजे खालची जात, हे समीकरण कुणी तोंडाने बोलत नाही. पण मुलीच्या हाताचं कोपर उलटून बघणाऱ्या आत्याबाईच्या डोक्यात ते पक्कं असतं. मुलगी सावळी असेल तर हुंड्याचा आकडा चढतो. मग आई विचार करते, हुंड्यापेक्षा ट्यूब स्वस्त.

कंपन्यांनी ही आई बरोबर ओळखली. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी पुण्यात संयुक्त स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली, आणि त्याच वर्षी हिंदुस्थान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणली. पुढच्या काळात आपल्या सभांना किती बायका आल्या आणि त्या ट्यूबला किती गिऱ्हाइकं मिळाली, याची तुलना न केलेलीच बरी. मग पाऊच आलं. तामिळनाडूतल्या एका छोट्या कंपनीने १९८३ मध्ये 'चिक' शाम्पू सुरू केला आणि पुढे तो पन्नास पैशांच्या पुडीत विकून दाखवला. जी बाई बाटली घेऊ शकत नाही, तिच्याकडूनही रोज थोडं थोडं काढता येतं, हे सगळ्या बड्या कंपन्या त्यातून शिकल्या. १९९४ साली सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय एकाच वर्षी विश्वसुंदरी नि जगत्सुंदरी झाल्या. नव्या आर्थिक धोरणाला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती आणि परदेशी प्रसाधनांना इथली बाजारपेठ हवी होती. टाटांनी १९५२ मध्ये सुरू केलेली 'लॅक्मे'ही नव्वदीच्या दशकातच लिव्हरच्या पदरात गेली.

१९९६ मध्ये बंगलोरला मिस वर्ल्ड स्पर्धा भरली तेव्हाची एक गोष्ट विसरता कामा नये. विरोध करायला आपल्या संघटना रस्त्यावर होत्या आणि संस्कृतिरक्षकही होते. त्यांचा राग पोहण्याच्या पोशाखावर होता. तो कार्यक्रम सेशेल्सला हलवला गेला. आपला मुद्दा वेगळा होता : बाईच्या अंगाला गुण देणारा हा परीक्षक कोण, आणि त्याच्या मागे कुणाचा माल उभा आहे? २०२४ मध्ये हीच स्पर्धा मुंबईत झाली, २०२५ मध्ये हैदराबादेत. सोलापूरहून हैदराबादची गाडी धरायची तर रात्रभराचासुद्धा प्रवास नाही. आता आपल्याकडून साधं पत्रकही निघत नाही.

जाहिरातींवर मात्र लढाई झाली आणि थोडी जिंकलीही गेली. सावळ्या मुलीला नोकरी नाही, बाप उसासे टाकतो, मुलगी क्रीम लावते आणि हवाई सुंदरी होते, असली जाहिरात अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेच्या तक्रारींनंतर २००३ मध्ये मागे घ्यावी लागली. २०१४ मध्ये जाहिरातदारांच्याच परिषदेने नियम केला, की सावळा रंग म्हणजे दुःख, अपयश, लग्न न जुळणं असं दाखवायचं नाही. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर जगभर वर्णद्वेषावर आवाज उठला, तेव्हा कुठे कंपनीला आपल्या ट्यूबवरचा 'फेअर' शब्द बोचला. ती 'ग्लो अँड लव्हली' झाली. पंचेचाळीस वर्षं आपल्या मुलींना हिणवून जो नफा कमावला, त्याचं काय, हे कुणी विचारलं नाही. बाटलीवर आता 'ग्लो', 'ब्राइट', 'टॅन काढणारं' असं लिहिलेलं असतं. दुकानात जाऊन बाई अजून "गोरं व्हायची क्रीम द्या" असंच म्हणते आणि दुकानदाराला बरोबर कळतं.

इथपर्यंत मनावरच्या जखमेची गोष्ट झाली. शरीराचं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण ते कुठल्याही जाहिरातीत येत नाही. रोज ज्या क्रीमने "आठ दिवसांत फरक" पडतो, तिच्यात बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते. पहिली स्टिरॉइड. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं वाचायला शिका. त्वचेच्या आजारावर डॉक्टर ही मलमं मोजके दिवस देतात. रोज तोंडाला चोळली तर सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, केस उगवतात. लावणं थांबवलं की चेहरा लाल होऊन जळजळतो, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. दारूचं व्यसन असंच लागतं. त्वचारोगतज्ज्ञांनी बरीच वर्षं ओरड केल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. औषधाच्या दुकानात जाऊन चिठ्ठीशिवाय मागून बघा, म्हणजे बंदीची ताकद कळेल.

दुसरी गोष्ट पारा. त्वचेत रंग तयार होण्याची क्रियाच पारा अडवतो, म्हणून गोरेपण येतं. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची चाळणी खराब करतो. लघवीला फेस येतो, पाय नि चेहरा सुजतो. बाई म्हणते काम जास्त झालं असेल. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती : घरातली तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींची मूत्रपिंडं बिघडली. तिघी एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातल्या मूत्रपिंडाच्या एका विकाराच्या २२ रुग्णांची तपासणी मांडली. त्यांतल्या १५ जणांचा विकार एका विशिष्ट प्रकारचा होता आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांना उतार पडला. म्हणजे वेळेवर कुणी विचारलं असतं, "बाई, तोंडाला काय लावतेस?" तर एवढं झालंच नसतं. आपल्या आरोग्य शिबिरांत हा प्रश्न आपण विचारतो का? हिमोग्लोबिन बघतो, वजन बघतो, हे विचारत नाही.

२०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी क्रीममध्ये पारा घालायला मनाई केली. नकळत राहिला तर दहा लाखांत एक भाग, त्याहून जास्त नाही. पण नियम लेबल असलेल्या मालाला पकडतो. बिनलेबलची डबी, परदेशी लिपीतली खोकी, घरी कालवलेली "आयुर्वेदिक" पांढरी क्रीम, यांना कोण पकडणार?

आता टिकली. तिच्याकडे आपण प्रसाधन म्हणून बघतच नाही, कारण ते सौभाग्यलेणं. पंढरपुरात पिढ्यान्‌पिढ्या हळदीपासून कुंकू बनत आलं. मेणावर ते लावायचं, संध्याकाळी पुसायचं. स्वस्तातल्या कुंकवात रासायनिक रंग आले आणि कपाळाला खाज, काळे डाग सुरू झाले. मग चिकटवायची टिकली आली. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटाइलफेनॉल नावाचं रसायन असतं. ते कातडीला रंग देणाऱ्या पेशी मारतं आणि टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो. त्वचारोगतज्ज्ञांना हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. सासरी मात्र त्याचं नाव एकच : कोड. सुनेला कोड, म्हणून नातींची लग्नं अडणार, म्हणून सून माहेरी. नवऱ्याच्या आयुष्यासाठी लावलेल्या टिकलीने बाईचंच आयुष्य उठवायचं, याला काय म्हणावं! डाग दिसताच टिकली बंद करायची आणि डॉक्टरांकडे जायचं, एवढं तरी वस्तीवस्तीत सांगा. "सवाष्णीने कपाळ रिकामं ठेवू नये" म्हणणाऱ्या सासूलाही सांगा.

सरकारचं मन बघायचं असेल तर कराचा तक्ता वाचावा. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कुंकू, टिकली, सिंदूर, आळता, काचेच्या बांगड्या यांवर शून्य कर होता, आणि सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के. म्हणजे नवरा जिवंत असल्याची खूण ही गरज, आणि दर महिन्याचं रक्त ही चैन. देशभरातल्या बायकांनी वर्षभर आवाज केल्यावर जुलै २०१८ मध्ये नॅपकिनवरचा कर उठला. आणि नवरा मेल्यावर? जी वस्तू इतकी गरजेची म्हणून करमुक्त होती, तीच त्या बाईच्या अंगावरून ओरबाडून काढायची. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने या प्रथेविरुद्ध ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारने परिपत्रक काढलं. त्यामागचा आग्रह आपल्या करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांचा होता. सोलापूर जिल्ह्यातल्या किती ग्रामपंचायतींनी तो ठराव केला आणि केलेल्यांपैकी किती जणींची कुंकवाची डबी खरंच वाचली, हे आपल्या गटांनी गावोगाव जाऊन बघायला हवं.

पार्लरवालीला झोडपून आपलं काम संपेल, असं कुणाला वाटत असेल तर तेही नको. तिचं घर त्याच खुर्चीवर चालतं. सरकारी योजना निघाली की बायकांना शिवण, पापड आणि ब्यूटी पार्लर एवढंच शिकवतात. अर्ध्या गल्लीत पार्लर झाली की गिऱ्हाईक टिकवायला तिला "लगेच फरक" दाखवावा लागतो. एजंट बिनबिलाची डबी देतो, ती पुढे देते, आणि दिवसभर तीच क्रीम तिच्याही बोटांना लागते. पहिला धोका तिलाच आहे. तिला शत्रू समजू नका, गटात आणा. तिच्याकडे गल्लीतल्या बायकांच्या चेहऱ्यांची जेवढी माहिती आहे, तेवढी आरोग्य केंद्रात नाही.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपली डबी घेऊन यावं. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि घटकांची यादी नसेल, तर ती डबी बाजूला काढा. यादीत मर्क्युरी, कॅलोमेल किंवा मर्क्युरस क्लोराइड असेल, किंवा "सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये" अशी सूचना असेल, तर पाऱ्याचा संशय धरा. पण डबी फेकू नका. खोकं, उरलेली क्रीम, असेल ते बिल एका पिशवीत घाला आणि अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात लेखी तक्रार करा. पोच घेतल्याशिवाय उठू नका. नमुना तपासला का, अहवाल काय आला, हे माहिती अधिकारात विचारता येतं. एकट्या बाईला "मॅडम, साहेब बाहेर गेलेत" असं उत्तर मिळेल, म्हणून दहाजणी मिळून जा. विडी कामगार बायकांनी या शहरात मोर्चे काढून हक्काची घरं मिळवली, त्यांना सरकारी कचेरीचा जिना नवा नाही.