सायकलीवरील एक दिवस

सायकल म्हणजे शाळेंत वेळेवर पोहोंचण्याचें साधन, एवढेंच पुष्कळ पालकांस वाटतें. आमचें मत निराळें आहे. रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनाऱ्याकिनाऱ्यानें गणपतिपुळें सुमारें २५ किलोमीटरांवर आहे; १८६६ सालीं केशवसुत जेथें जन्मले तें मालगुंड तेथून अगदीं जवळ. पहांटे निघालेलीं वरच्या वर्गांतील मुलें दिवेलागणीपूर्वीं सुखरूप घरीं परततात.

मोटारींतून हीच वाट तासाभरांत सरते. चढ कळत नाहीं कीं उतार. सायकल मात्र खाडी ओलांडून सड्यावर चढतांना दम काढते. उतरून ती ढकलीत जाणाऱ्यास कडा जवळून दिसतो : वर तांबूस, सच्छिद्र जांभा, खालीं लाटांनीं धुतलेला काळा कातळ. ऊनपावसानें हाच कातळ युगानुयुगें झिजला, त्यांतील विरघळणारीं द्रव्यें वाहून गेलीं व लोह मागें उरलें. जांभ्याचा रंग त्या लोहाचा. भूगोलाच्या पुस्तकांत हें एका ओळींत असतें, आणि मुलें नेमकी तीच ओळ गाळतात!

पालकांची भीति अगदींच खोटी नव्हे. पण भय सायकलीचें नसून वळणावरील मोटारींचें व आरे-वारेच्या पाण्याचें आहे. म्हणून पावसाळा सोडून, शिक्षकांसह, एका रांगेनें जावें. समुद्र वरूनच पाहावा, त्यांत उतरूं नये. एवढें पाळणाऱ्या मुलांसही परवानगी मिळत नाहीं. मुलींस तर ती मागण्याचेंही धैर्य होत नाहीं. नाताळच्या सुटीपूर्वीं शाळेची चिठ्ठी घरीं येईल. तीवर सही करतांना पालकांनीं मुलीच्या सायकलीचे ब्रेकही तपासून ठेवावेत.