मोबाइल कोणाचा काढून घ्यायचा?

विहिरीवरचे दोन पंप एकाच वेळी चालू असले, की त्यांचा आवाज ठरावीक अंतराने चढतो व उतरतो. हे तुमच्यापैकी किती जणांच्या ध्यानात आले आहे? मी जळगावजवळ असोद्याला राहतो, महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, आणि तरी माझ्या ते कधी ध्यानात आले नव्हते. आमच्या गल्लीतल्या दहावीच्या एका मुलाने मला त्याचे कारण विचारले; रात्री, व्हॉट्सअ‍ॅपवर. ‘20 सेकंदांत 6 वेळा’ हेही त्याने मोजून कळवले. हाच मुलगा रस्त्यात भेटला तर मान खाली घालतो, बोटे हलवतो आणि निघून जातो.

तो स्वमग्न आहे. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा काही ताप-खोकल्यासारखा रोग नव्हे. अशा मुलांच्या मेंदूची घडणच लहानपणापासून निराळी असते. लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली अमेरिकेत अशा 11 मुलांचे वर्णन केले. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे.

समोरासमोर बोलताना शब्द, स्वर, चेहरा, नजर असे कितीतरी संकेत एकदम येऊन थडकतात. वर पंख्याची घरघर असतेच. त्यातले नको ते गाळणे आपल्याला सहज जमते, अनेक स्वमग्न मुलांना मात्र ते फार जड जाते. लिहिलेल्या संदेशात शब्द तेवढे उरतात, आणि ते उत्तरासाठी खोळंबून राहतात. घाई नसते.

‘ही मुले संवादच करू शकत नाहीत’ हा समजही तपासून पाहिला गेला आहे. ब्रिटनमधील संशोधकांनी कानगोष्टींच्या खेळाप्रमाणे आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे पाठवली. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात स्वमग्न प्रौढांची साखळी इतरांच्या साखळीइतकीच चांगली ठरली. गोष्ट जास्त गळाली ती मिश्र साखळीत. 2025 च्या अधिक मोठ्या प्रयोगात मिश्र साखळीचा तोटा दिसला नाही (प्रयोग पुन्हा करावा लागतो तो यासाठीच!), पण स्वमग्न माणसे कमी पडली नाहीत, हे तेव्हाही दिसले.

आता झाले काय ते सांगतो. शाळेची घंटा वाजली, की हा मुलगा कानांवर हात घट्ट दाबून धरतो. कोणीतरी त्याचे चित्रण करून वर्गाच्या ग्रुपवर टाकले. खाली कोणी लिहिले, ‘वा, अजून एक कर!’ त्याला ती खरी मागणी वाटली. त्याने स्वतःच दुसरे चित्रण करून पाठवले. हसणारी चिन्हे ओळीने आली. बोभाटा झाल्यावर वडीलधाऱ्यांनी मोबाइल काढून घेतला. चित्रण करणाऱ्याचा नव्हे, या मुलाचा!

हा न्याय मला मुळीच पटत नाही. धोके आहेत, हे मी नाकारत नाही. शब्दाचा सरळ अर्थ घेणाऱ्या मुलाला थट्टा ओळखता येत नाही, तसा लबाड अनोळखी माणूसही ओळखता येत नाही. रात्ररात्र पडद्याकडे पाहणे तर कोणालाच चांगले नाही. म्हणून आईने किंवा शिक्षकाने त्याच्याजवळ बसावे, कोणते वाक्य थट्टेचे आहे ते उलगडून दाखवावे, वेळ ठरवून द्यावी. आणि चित्रण करणाऱ्याला वर्गात उभे करून जाब विचारावा. मोबाइल काढून घेणे सोपे असते, एवढेच त्याचे समर्थन.

असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. त्यांना लिहिता येत नव्हते; त्या म्हणत, आणि मुलाने व एका नातेवाइकाने लिहून घेतले, म्हणून 1952 साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. त्यांचा आम्हाला केवढा अभिमान! मग ज्याला लिहिता येते पण बोलता येत नाही, त्याच्या हातातली पाटी आम्ही का हिसकावावी?

अकरा दिवसांनी मोबाइल परत मिळाला. मधल्या काळात मी त्याला कागदावर उत्तर लिहून दिले होते: दोन आवाजांच्या वारंवारतेत थोडा फरक असला की विस्पंद ऐकू येतात. त्याचा पहिला संदेश आला, ‘सर, एक पंप बंद करून पाहिला. विस्पंद थांबले.’