‘हा तुमचा खासगी प्रश्न’ हे उत्तर नव्हे

विल्यम हर्शेल हा ब्रिटिश सनदी अधिकारी १८७७ मध्ये बंगालमधील हुगळी येथे दंडाधिकारी असताना त्याने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या बोटांचे ठसे नोंदवून ठेवण्याची पद्धत सुरू केली. मृत व्यक्तीच्या नावावर भलत्याच कोणी सरकारी तिजोरीतून पैसे उचलू नयेत, हा त्यामागचा हेतू. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना आम्हा निवृत्तांना या हर्शेलसाहेबाची आठवण व्हायला हरकत नाही! त्या व्यवस्थेत एक गृहीतक दडलेले होते आणि ते अद्याप टिकून आहे. फसवणूक होते ती पैसे देणाऱ्याची, संशयित असतो तो पैसे घेणारा. आपली ओळख चोरीला गेल्याची तक्रार घेऊन कर्मचारी नियोक्त्याकडे जातो तेव्हा त्याच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीचे मूळ या गृहीतकात आहे.

या तक्रारी आता अपवादात्मक राहिलेल्या नाहीत. कोणाला प्राप्तिकराच्या वार्षिक माहिती विवरणात आपण कधी पायही न ठेवलेल्या कंपनीचा पगार जमा झालेला दिसतो. कोणाच्या पॅन क्रमांकावर परस्पर कर्ज उचललेले असते आणि वसुलीवाल्यांचे फोन थेट कार्यालयात खणखणू लागतात. कोणाचा पगार एक तारखेला परक्याच खात्यात जातो, कारण त्याच्या नावाने आलेल्या बनावट ईमेलवर विसंबून लेखा विभागाने खाते क्रमांक बदललेला असतो. मनुष्यबळ विभागाचे उत्तर बहुधा ठरलेले: हा तुमचा खासगी प्रश्न आहे, पोलिसांत जा.

तो खासगी कसा? नोकरीवर रुजू होताना माणूस आधार, पॅन, रद्द केलेला धनादेश, छायाचित्र, सहीचा नमुना आणि वारसांची नावे एकाच पाकिटात घालून नियोक्त्याच्या हवाली करतो. बँकेलासुद्धा इतके सारे एकगठ्ठा मिळत नाही. ते पाकीट पुढे कुलूप नसलेल्या कपाटात पडते, कंत्राटदाराच्या मुकादमाकडे जाते, पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्थेकडे जाते आणि व्हॉट्सॲपवरून कुठे कुठे फिरते याचा हिशेब कोणाकडेच नसतो. गळती इथूनच झाली असे प्रत्येक वेळी म्हणता येणार नाही. पण इथून झालेली नाही, हे तपासल्यावाचून म्हणण्याचा अधिकार नियोक्त्याला नाही.

कायद्याची उणीव आहे असेही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘६६ सी’ कलमान्वये ओळखचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ज्या सायबर घटना सहा तासांत कळवायच्या, त्यांच्या यादीत ओळखचोरीचा उल्लेख आहे. वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. सुरक्षेत कसूर केल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने लागू होण्यास आणखी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. शिवाय याच कायद्याचे सातवे कलम नोकरीच्या कारणासाठी आणि नियोक्त्याला नुकसानीपासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीविना वापरण्याची मुभा देते. संमती लागत नाही, तर सांभाळण्याचे ओझे अधिक मानले पाहिजे. व्यवहारात अर्थ उलटा लावला जाईल, अशी मला भीती वाटते.

तक्रार आली की नियोक्त्याने पहिली गोष्ट करावी ती अगदी साधी: तारीख घातलेली लेखी पोच द्यावी. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाचा हा कागदी हट्ट वाटेल. परंतु १९३० या मदतवाहिनीपासून पोलीस ठाणे, बँक आणि पतमाहिती कंपनीपर्यंत पीडिताला एकच प्रश्न विचारला जातो: तुम्हाला हे केव्हा कळले आणि तुम्ही तेव्हा काय केले? त्या पोचेसोबत तो अमुक काळात आपल्याकडेच कामावर होता, अमुक खात्यातच त्याचा पगार जात होता, असे प्रमाणपत्र मिळाले तर त्याचे निम्मे हेलपाटे वाचतील. उरलेल्या हेलपाट्यांसाठी रजा कापू नये. रोजंदारीवरच्या माणसाला पोलीस ठाण्याची एक फेरी एका दिवसाच्या मजुरीला पडते, आणि एका फेरीत काम झाल्याचे ऐकिवात नाही.

चौकशी करावी, पण ज्या विभागाच्या ताब्यात ती कागदपत्रे होती त्याच विभागाच्या प्रमुखाकडे ती सोपवू नये. इतरांचीही कागदपत्रे त्याच कपाटात असतील, तर त्यांना सावध करावे. कंपनीची अब्रू जाईल म्हणून गप्प बसणे म्हणजे पुढच्या बळीची सोय करणे. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत अनोळखी कंपनी दिसली की दोन नोकऱ्या केल्याचा ठपका ठेवून राजीनामा मागण्याची घाई होते. एकाच्या यूएएनला दुसऱ्याची नोंद चिकटू शकते हे जाणून आधी भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडून खातरजमा करावी. तोवर माणूस कामावर राहिला तर कंपनी बुडत नाही.

कर्ज स्वतःच घ्यायचे आणि मग ओळखचोरीची ओरड करायची, असेही लोक असतात, हा आक्षेप खरा आहे. त्याची शहानिशा बँक आणि पोलीस करतील. नियोक्त्याची पोच म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. तक्रार अमुक दिवशी मिळाली एवढेच ती सांगते.

याहून अवघड प्रकरण असते ते उसन्या नावाने राबणाऱ्या मजुराचे. वय कमी भरते म्हणून थोरल्या भावाचे आधार दाखवून एखादा मुलगा बांधकामावर किंवा कारखान्यात लागतो. कालांतराने भावालाच दुसरीकडे नोकरी लागते आणि नोंदी एकमेकींवर आदळतात. कायद्याच्या भाषेत ही तोतयेगिरीच. पण तो मुलगा परातीवरून पडला तर विमा कोणाच्या नावाने मागायचा आणि नुकसानभरपाई कोणाच्या घरी जायची? अशा वेळी त्याला हाकलून रजिस्टर स्वच्छ करून घेणे मालकाला सर्वांत सोयीचे असते. त्याने आधी केलेल्या कामाची मजुरी चुकती करून, ती त्याच्या खऱ्या नावावर नोंदवून, मगच पुढचे पाऊल उचलावे. आणि कागद न पाहता भरती करणाऱ्या कंत्राटदाराला त्याच चौकशीत उभे करावे.