पाणी उकळून प्या : कधी, कुणी सांगावे आणि केव्हा थांबावे
पालघर जिल्हा परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, पालघर

विषय : डहाणू व तलासरी तालुक्यांसाठी पाणी उकळून पिण्याच्या सूचनेची लेखी कार्यपद्धती ठरविण्याबाबत

पिण्याच्या पाण्यात रोगजंतू शिरल्याची खात्री किंवा दाट शंका असते, तेव्हा पुरवठा करणाऱ्या यंत्रणेने ‘पाणी उकळून प्या’ असा तात्पुरता इशारा द्यायचा असतो. महाराष्ट्रात मात्र तो दर पावसाळ्यात सरसकट दिला जातो. कोणत्या गावासाठी, कशामुळे आणि किती दिवस, याचा त्यात उल्लेख नसतो. त्यामुळे खरा धोका येतो त्या दिवशीही लोक तो नेहमीचाच समजतात.

धाकटी डहाणूसारखी किनाऱ्यावरची गावे आणि तलासरीचे पाडे यांना हा धोका अनेक वाटांनी गाठतो. पाणी ठरावीक वेळच सोडले की उरलेल्या वेळात नळवाहिनीतला दाब जातो आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. कठडा नसलेल्या विहिरीत पहिल्या पावसाचा लोंढा उतरतो. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले. अशा धक्क्यांनी वाहिनीचे सांधे ढिले होऊ शकतात. नळयोजना बंद पडली की लोक जवळच्या उघड्या पाण्याकडे वळतात. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी गावांत हेच झाले. उघड्या विहिरीचे पाणी पोटात गेले, कॉलरा पसरला आणि माणसे दगावली. शहरेही यातून सुटलेली नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले, आणि पाणी उकळून पिण्याचे आवाहन करावे लागले.

गावपातळीवर पहिला बचाव टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचा. जलसुरक्षक विहिरीतले पाणी मोजतो आणि त्या मानाने पावडर घेतो. पाणी स्वच्छ आणि पावडर चांगली असेल तर दर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते. पावडर बादलीत कालवायची, वर पाणी घालून ढवळायचे आणि चुना तळाशी बसू द्यायचा. मग वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली विहिरीत सोडायची आणि वरखाली हलवायची. तासाभरानंतर ओटी चाचणी होते. नळीतल्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे. भारतीय मानक १०५०० प्रमाणे तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. ओलाव्यात, उघड्या पोत्यात पडून राहिलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो, म्हणून साठवणुकीचीही तपासणी हवी.

प्रयोगशाळेतली जिवाणू तपासणी आवश्यकच आहे, पण तिचा निष्कर्ष यायला एक-दोन दिवस लागतात आणि तोवर ते पाणी लोकांनी पिऊन झालेले असते. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत जिवाणू तपासणी वर्षातून दोनदा अपेक्षित आहे. वाहिनी फुटल्याचा दिवस अशा तपासणीत सापडण्याची शक्यता कमीच. म्हणून सूचना अहवालासाठी अडून राहता कामा नये. शेवटच्या नळाला क्लोरीन नसणे, वाहिनी फुटणे, पाणी अचानक गढूळ येणे, विहिरीत पुराचे पाणी शिरणे किंवा एकाच पाड्यात जुलाबाचे रुग्ण वाढणे, यांतले एक कारणही पुरेसे मानावे.

उशिराची किंमत कॅनडातल्या वॉकरटन गावाने मोजली. मे २००० मध्ये तिथल्या पाण्यात ई. कोलाय असल्याचा अहवाल पाणीपुरवठा चालविणाऱ्यांच्या हाती आला, पण तो दडवला गेला. आरोग्य विभागाने काही दिवसांनी स्वतःहून सूचना काढली, तीही मुख्यतः रेडिओवरून. पहिल्या दिवशी ती निम्म्या लोकांपर्यंतही पोचली नाही. सात जण दगावले, दोन हजारांहून अधिक आजारी पडले.

उकळण्याच्या मर्यादाही सूचनेत स्पष्ट हव्यात. पाणी खळखळून एक मिनिट उकळले की जिवाणू, विषाणू आणि परजीवी मरतात. क्षार आणि नायट्रेट मात्र तसेच राहतात, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी उकळून गोडे होत नाही. तिथे टँकर किंवा दुसरा स्रोतच द्यावा लागतो. उकळण्याला खर्चही आहे. रोज २० लिटर पाणी उकळायला साधारण पाव किलो गॅस जातो, म्हणजे १४.२ किलोचे सिलिंडर दोन महिन्यांत केवळ पाण्यावर संपते. चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घरात तेवढाच भार सरपण आणणाऱ्या बाईच्या डोक्यावर चढतो. म्हणून सूचनेबरोबरच क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण आशांमार्फत घरोघर पोचले पाहिजे.

या सर्वांचा विचार करून जिल्हा परिषदेने पुढील कार्यपद्धती ठरवावी :

१. सूचना काढण्याचा अधिकार आणि जबाबदारी एका नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडे असावी. कारण कळल्यापासून काही तासांत ती निघावी.

२. सूचनेत गाव-पाड्यांची नावे, कारण, तारीख, काय करावे आणि पर्यायी पाणी कुठे मिळेल हे असावे. पिणे, दात घासणे, बाळाचे दूध आणि कच्च्या भाज्या धुणे यांसाठीही उकळलेलेच पाणी वापरण्यास सांगावे.

३. मराठीबरोबर वारली, मांगेली आणि गुजरातीतूनही दवंडी व भोंग्याने सूचना द्यावी. मासेमारीला निघणाऱ्या बोटी पाण्याचे ड्रम भरून नेतात. म्हणून मच्छीमार संस्थांमार्फत बंदरावर आणि समुद्रातल्या तांडेलांनाही कळवावे. शाळा, अंगणवाड्या आणि आश्रमशाळांना वेगळा निरोप जावा.

४. दोष दूर होऊन लागोपाठ दोन दिवसांचे नमुने शुद्ध आले की सूचना त्याच मार्गांनी, तारखेसह मागे घ्यावी. नळ काही मिनिटे वाहते सोडावेत आणि हंडे, पिंपे, टाक्या धुऊन मगच भराव्यात, हेही त्याच वेळी सांगावे.

५. प्रत्येक सूचनेचे कारण, कालावधी आणि केलेली दुरुस्ती ग्रामसभेपुढे ठेवावी. एकाच वाहिनीसाठी पुन्हा सूचना काढावी लागली, तर ती वाहिनी बदलण्याचे काम त्या वर्षीच्या आराखड्यात प्रथम घ्यावे.

प्रत माहितीसाठी :
गटविकास अधिकारी, पंचायत समिती, डहाणू
गटविकास अधिकारी, पंचायत समिती, तलासरी