आरोग्याचा कारभार रुग्णाजवळ यावा

पणजीस १८४२ साली वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हा त्याचाच वारसा होय. त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु राज्य लहान म्हणून प्रत्येक रुग्णास बांबोळीची वाट दाखविणे योग्य नव्हे. साध्या दुखण्यांची गर्दी तेथे वाढली, की गंभीर रुग्णांस तिष्ठत बसावे लागते. आणि पेडण्याच्या रुग्णास तर शापोरा व मांडवी ओलांडून जावे लागते. यास्तव आरोग्य संचालनालयाने धोरण ठरवावे, देखरेख ठेवावी. मात्र निकडीची औषधखरेदी व रिकाम्या जागी तात्पुरती नेमणूक यांचे अधिकार तुये, कासारवर्णे येथील वैद्यकीय अधिकाऱ्यांस द्यावेत. अपरात्री दुखणे उद्भवले असता मांद्र्याच्या माणसास प्रथम आधार जवळच्या दवाखान्याचाच असतो.