विसाव्या वर्षी सुटे भाग कोण देणार?

१९ ऑगस्ट २०२५ रोजी पावसाने मुंबईत हार्बरच्या लोकल बंद पाडल्या आणि माणसं मोनोरेलकडे धावली. एरवी बसायला जागा मिळणारी ती गाडी खच्चून भरली आणि म्हैसूर कॉलनीजवळ उंचावर जागच्या जागी थांबली. वीज गेली, एसी बंद पडला, दारं उघडेनात. अग्निशमन दलाने शिड्या लावून ५८२ प्रवाशांना खाली उतरवलं. नंतर कारण सांगण्यात आलं ते असं : गाडीची क्षमता १०४ टन, त्या संध्याकाळी भार झाला साधारण १०९ टन. या जादा भाराने वीजपट्टी आणि तिच्यावरून वीज घेणारा गाडीचा भाग यांचा संपर्क तुटला.

गर्दी जास्त झाली हे खरंच. पण त्या संध्याकाळची सुरुवात मी २००८ सालच्या कागदांमध्ये शोधतो. त्या वर्षी मोनोरेलचं कंत्राट लार्सन अँड टुब्रो आणि मलेशियाची स्कोमी यांच्या जोडीला मिळालं. फेब्रुवारी २०१४ मध्ये वडाळा ते चेंबूर गाडी सुरू झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये दोन डब्यांना आग लागली आणि सेवा जवळपास दहा महिने बंद राहिली. डिसेंबर २०१८ मध्ये एमएमआरडीए या विकास प्राधिकरणाने कंत्राट रद्द करून कारभार आपल्या हातात घेतला. हातात काय आलं? मोजक्या धडधाकट गाड्या आणि न मिळणारे सुटे भाग. एका गाडीचे भाग काढून दुसरी चालती ठेवायची वेळ आली. वीस-पंचवीस मिनिटांनी एक गाडी, मग कोण कशाला त्या स्टेशनचे जिने चढेल?

इथे बाजारात जाऊन दुसऱ्याची गाडी आणण्याची सोय नव्हती. मोनोरेल सिमेंटच्या तुळईला दोन्ही बाजूंनी कवटाळून चालते. वरची चाकं भार घेतात, बाजूची चाकं दिशा धरतात, आणि तुळईची रुंदी, वळणं, वीजपट्टीची जागा हे सगळं एका कारखान्याच्या गाडीचं माप घेऊन ओतलेलं असतं. तिच्यावर चालेल अशी गाडी दुसऱ्याला नव्याने घडवावी लागते. दहा नव्या गाड्यांसाठी निविदा काढली, तर पुढे आल्या दोन कंपन्या, दोन्ही चिनी. जून २०२० मध्ये चीनच्या सीमेवर रक्त सांडलं आणि ती निविदा रद्द झाली. पुढे हैदराबादच्या मेधा कंपनीने त्या मापाच्या गाड्या बांधायला घेतल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या गाड्या आणि नवी सिग्नल यंत्रणा बसवण्यासाठी अख्खी सेवाच थांबवावी लागली.

मोनोरेल म्हणजे मेट्रो नाही, मान्य. पण शहर गाडी विकत घेतं तेव्हा नेमकं काय विकत घेतं, हे मुंबईला याहून स्पष्ट कुणी शिकवलेलं नाही. मेट्रोचा डबा तीस-पस्तीस वर्षं चालावा अशा बेताने बांधलेला असतो. आज मंत्रालयात सही करणारा अधिकारी तोवर निवृत्त झालेला असेल. कंपनी विकली गेलेली असेल, दुसरीत विलीन झालेली असेल किंवा बुडालेली असेल. डबा मात्र तोच असेल, आणि त्याला रोज पहाटे डेपोतून बाहेर काढावं लागेल. गावाकडे ट्रॅक्टर घेताना शेतकरी रंग आणि हप्ता नंतर बघतो. आधी विचारतो, तालुक्याला सर्व्हिस सेंटर आहे का, पार्ट मिळतात का. शहरांनी डबे घेताना हाच प्रश्न पहिला विचारावा, एवढंच माझं म्हणणं आहे. आपल्याकडे तो बहुतेक वेळा शेवटी विचारला जातो.

आपली पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. आधी तांत्रिक लिफाफा उघडतो, त्यात पास झालेल्यांचा आर्थिक लिफाफा उघडतो, आणि ज्याचा आकडा सर्वांत कमी तो एल-वन. या नियमाला मी नावं ठेवणार नाही. तो नसेल तर प्रत्येक कंत्राट कुणाच्या तरी मर्जीवर जाईल. माझी तक्रार त्या आकड्यात काय धरलं जातं याबद्दल आहे. एका डब्याची किंमत ही त्याच्यावर आयुष्यभरात होणाऱ्या खर्चाचा एक हिस्सा असते. वीज, चाकं, ब्रेक, दारं, एसी, मधल्या काळातली मोठी दुरुस्ती आणि सॉफ्टवेअर हे सगळं पुढे येतं. म्हणूनच वर्तमानपत्रातल्या आकड्यांची तुलनाही जपून करावी. मुंबई मेट्रोच्या २-अ आणि ७ या मार्गांसाठी बीईएमएलला २०१८ मध्ये ३७८ डब्यांचं काम मिळालं, ३,०१५ कोटींचं, म्हणजे डब्यामागे आठ कोटी. पुण्यात बंगालच्या टिटागढला २०१९ मध्ये १०२ डब्यांचं काम मिळालं, सुमारे १,१२५ कोटींचं, म्हणजे डब्यामागे अकरा कोटी. पुणेकर फसले असं यावरून म्हणता येत नाही. पुण्याचे डबे ॲल्युमिनियमचे, वजनाला हलके. हलका डबा रोज थोडी वीज वाचवतो, आणि ती बचत तीस वर्षांच्या हिशेबाने मोजायची असते. त्याशिवाय प्रत्येक कंत्राटाच्या अटी वेगळ्या असतात. खरी तुलना करायची तर दोन्ही करारांची सगळी पानं शेजारी ठेवावी लागतील, आणि ती पानं सामान्य नागरिकाला सहज बघायला मिळत नाहीत. ती मिळाली पाहिजेत.

महाराष्ट्रात आज किती कारखान्यांचे डबे धावताहेत बघा. घाटकोपर-वर्सोवा मार्गावर चीनच्या नानजिंगचे, नागपुरात चीनच्याच दालियनचे, दहिसर-अंधेरी भागात बेंगळुरूच्या बीईएमएलचे, पुण्यात टिटागढचे. आरेपासून कफ परेडपर्यंत जमिनीखालून जाणाऱ्या मेट्रो ३ चे डबे आल्स्टॉमचे. कंपनी फ्रान्सची, कारखाना आंध्रातल्या श्रीसिटीचा, कर्ज जपानच्या जायकाचं. आठ डब्यांच्या ३१ गाड्या. पहिली गाडी २०२२ च्या पावसाळ्यात भल्यामोठ्या ट्रेलरांवरून रस्त्याने मुंबईत आली. नागपूरला कर्ज जर्मनी आणि फ्रान्सच्या बँकांनी दिलं आणि गाड्या आल्या चीनमधून. कर्ज एकाचं आणि डबा दुसऱ्याचा, हे मला चांगलंच वाटतं, कारण खुली स्पर्धा झाली तरच असं घडतं.

नागपूरच्या निविदेत टिटागढ थोडक्यात हुकली होती, ६९ डब्यांचं काम चीनच्या सीआरआरसीला गेलं. त्याच वर्षी, २०१६ मध्ये, सीआरआरसीने नागपुरात पंधराशे कोटींचा कारखाना काढण्याचा सामंजस्य करार केला. फोटो निघाले, विदर्भातल्या पोरांना नोकऱ्या मिळणार अशी आशा लागली. कारखाना आला नाही. चार वर्षांनी, जुलै २०२० मध्ये, केंद्राने शेजारी देशांतल्या कंपन्यांना सरकारी निविदांत उतरण्याआधी वेगळी नोंदणी सक्तीची केली. पस्तीस वर्षं चालायच्या डब्यांची खरेदी झाली आणि दोन देशांमधलं नातं चार वर्षांत पालटलं. नागपूर मेट्रोने चुकीची कंपनी निवडली असं मी म्हणत नाही, २०१६ साली तेव्हाच्या नियमांनी निवड झाली. पण करार करताना असा दिवस येईल हे गृहीत धरायला हवं. त्या दिवशी डब्याचे आराखडे, सॉफ्टवेअरच्या चाव्या, प्रत्येक भागाचा पर्यायी पुरवठादार हे सगळं आपल्या कपाटात आहे की त्यांच्या, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

नागपूरच्याच गाड्यांनी एक चांगली गोष्टही दाखवून दिली. पुण्यात पहिली चाचणी घ्यायची वेळ आली तेव्हा पुण्याचे स्वतःचे डबे तयार नव्हते. २०१९ च्या अखेरीस नागपूरहून गाड्या आणल्या, पिंपरीच्या रुळांवर ठेवल्या आणि चाचणी पार पडली. हे जमलं कारण दोन्हीकडे रूळ १,४३५ मिलिमीटरचे आणि वरून वीज २५ किलोव्होल्टची. प्रमाणित मापाला चिकटून राहिलात तर उद्या दुसऱ्या कुणाचा डबा त्याच रुळांवर उभा करता येतो. मोनोरेलच्या तुळईने ती वाट पहिल्याच दिवशी बंद केली होती.

डब्यावर नाव एका कंपनीचं असलं तरी आत अनेक घरांचा संसार असतो. दिल्ली मेट्रोच्या पहिल्या गाड्या कोरियाच्या रोटेमच्या म्हणून ओळखल्या गेल्या. पण त्यातली वीजयंत्रणा मित्सुबिशीची होती आणि बहुतेक डब्यांची जुळणी बेंगळुरूला बीईएमएलमध्ये झाली. ब्रेक, एसी, दारं यांच्या तर स्वतंत्र नामांकित कंपन्या आहेत. दाराचंच बघू. मेट्रो ३ वर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २७ स्थानकं. प्रत्येक स्थानकावर दार उघडणार आणि मिटणार, दिवसभर, मुंबईच्या घामाने आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने माखलेलं. वर पट्टीत एक छोटी मोटर, तिच्या बाजूला नियंत्रणाचं कार्ड, दाराच्या कडेला रबर, आणि मध्ये बॅगेचा पट्टा अडकला तर ओळखणारी यंत्रणा. एका दाराने मिटायला नकार दिला की अख्खी गाडी हलत नाही, आणि तिच्यामागच्या तीन गाड्या बोगद्यात खोळंबतात. मोटर इथे भरता येते, रबर इथे कापता येतं. ते कार्ड मात्र दहा-बारा वर्षांनी बनायचं बंद होतं, कारण त्यातल्या चिप बाजारातून जातात. असं कार्ड बंद होण्याआधी किती महिने कळवायचं, किती नग साठवून द्यायचे, पर्यायी कार्ड बनवण्याचा हक्क कुणाकडे, ही तीन वाक्यं करारात असली की विसाव्या वर्षी डेपोतला सुपरवायझर निर्धास्त असतो. नसली तर तो एका डब्याचं कार्ड काढून दुसऱ्यात घालतो.

म्हणून डबे निवडणाऱ्या समितीत डेपोतली माणसं हवीत असं मला कळकळीने वाटतं. वित्त, कायदा, सल्लागार सगळे असतात. रात्री एक ते चार या वेळात गाडीखाली खड्ड्यात उभं राहून ब्रेकचे पॅड बघणारा माणूस नसतो. कुठला बोल्ट हाताला येत नाही, कुठलं झाकण उघडायला दुसरी तीन झाकणं काढावी लागतात, हे त्याला डब्याचं लाकडी मॉडेल बघूनच कळेल. मॉडेल दाखवण्याच्या दिवशी आपण पुढाऱ्यांना बोलावतो, त्या फिटरला बोलवत नाही.

काम घरच्यांना द्यावं की नाही, हा प्रश्न जगभर आहे. कॅनडातल्या माँट्रियलच्या मेट्रोचे पहिले डबे १९६६ पासून ५२ वर्षं चालले. ते बदलण्यासाठी २००६ मध्ये क्वेबेक सरकारने बोली न मागवताच आपल्या प्रांतातल्या बॉम्बार्डियरशी बोलणी सुरू केली. आल्स्टॉम कोर्टात गेली आणि जिंकली. मग दोघींनी हात मिळवला, तर स्पेनची काफ आणि चीनची झुझोऊ दारात उभ्या राहिल्या. शेवटी २०१० मध्ये सरकारला विधिमंडळात खास कायदा करून ४६८ डब्यांचं काम त्या जोडीला द्यावं लागलं. पहिली नवी गाडी धावली ती २०१६ मध्ये. ला पोकातिएर या छोट्या गावातला कारखाना जगला, ही काही लहान गोष्ट नाही. पण तोवर माँट्रियलकरांची दहा वर्षं गेली. घरच्यांना काम द्यायचं तर ते पहिल्या दिवशी निविदेच्या अटींत उघड लिहावं. आज भारतातल्या मेट्रोच्या निविदांमध्ये बहुतेक डबे देशातच बनवण्याची अट असते, आणि त्या अटीमुळेच श्रीसिटी, सावली, उत्तरपाडा ही कारखान्यांच्या गावांची नावं आपल्या ओळखीची झाली. हा मार्ग मला सरळ वाटतो.

त्यात महाराष्ट्राचं नाव नसणं मात्र खटकतं. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आहे. मार्च २०१८ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा तिथे मेट्रोचे डबेही बनतील असं सांगितलं गेलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये पहिला सांगाडा तयार झाला, मग बराच काळ शांतता, आणि पुढे तो कारखाना वंदे भारतच्या गाड्यांसाठी रशियन भागीदारीच्या कंपनीकडे गेला. वंदे भारत लातुरात बनली तर आनंदच आहे. पण देशात सर्वांत जास्त मेट्रो बांधणाऱ्या राज्यांपैकी एक असूनही आपण डबे आंध्र, कर्नाटक आणि बंगालमधून आणतो, आणि डब्याबरोबर येणारं दुरुस्तीचं ज्ञानही तिकडूनच येतं. आयटीआयमधल्या पोरांसाठी ते ज्ञान पगाराइतकंच मोलाचं आहे.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण असं, की मुंबईची सर्वांत मोठी डबेखरेदी अजून पुढे आहे. मुंबई रेल्वे विकास महामंडळाने २०२५ मध्ये लोकलसाठी २,८५६ वातानुकूलित डब्यांची निविदा काढली, आणि तिच्यात ३५ वर्षांच्या देखभालीची जबाबदारी बनवणाऱ्यावरच टाकली आहे. भिवपुरी आणि वाणगावला त्यासाठी डेपो उभारायचे आहेत. जो बनवेल तोच पस्तीस वर्षं सांभाळेल, ही अट मला मनापासून पटते, कारण असा माणूस स्वस्त दार लावताना दोनदा विचार करेल. पण कंत्राटदार मध्येच निघून गेला तर काय, हेही त्याच करारात लिहिलेलं हवं : आराखडे कुठल्या बँकेच्या लॉकरमध्ये, सॉफ्टवेअर कुणाच्या ताब्यात, भिवपुरीचे फिटर कुणाचे नोकर, त्यांना रेल्वेत सामावून घेणार की नाही. प्रवासी संघटनांनी आता रंगीत चित्रांपेक्षा या कलमांची प्रत मागावी, आणि महामंडळाने ती करार होण्याआधी संकेतस्थळावर ठेवावी.