मराठवाड्याचा हेल आणि पडद्यावरची 'ग्रामीण'

मराठी पडद्यावर एक गाव आहे. महाराष्ट्राच्या कोणत्याही नकाशावर ते सापडत नाही, तरीही चित्रपटांतून आणि मालिकांतून आपण सारे तिथे शेकडो वेळा जाऊन आलो आहोत. तिथे प्रत्येक 'ण'चा 'न' होतो, वाक्य 'आवं'ने सुरू होऊन 'व्हय'वर संपते, आणि बोलणारा माणूस शेजारच्याशी बोलतानाही पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारत असल्यासारखा ओरडतो. या गावच्या भाषेला नटमंडळी 'ग्रामीण' म्हणतात. 'अमक्याला ग्रामीण चांगले जमते' हे वाक्य आपण कितीदा तरी ऐकले असेल. कोणत्या गावचे, हा प्रश्न मात्र कुणी विचारीत नाही, आणि प्रस्तुत लेखाचे भांडण नेमके त्या न विचारलेल्या प्रश्नाशी आहे.

या भाषेची वंशावळ शोधणे कठीण नाही. मराठी चित्रपटाचे एक माहेर कोल्हापूर. 'प्रभात' १९२९ साली तिथेच जन्मली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. पुढे भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओ सांभाळला. पंचगंगेकाठची बोली आणि तमाशाच्या वगातली सवाल-जवाबाची फेक या दोहोंतून तमाशापटांची भाषा घडली. तिथे ती शोभली, कारण ती तिथलीच होती. निळू फुले यांच्यासारख्या नटाने तर संथ, दबक्या आवाजात बोलून पाटलाचा दरारा उभा केला आणि ओरडणे म्हणजे ग्रामीणपण नव्हे हे कायमचे दाखवून दिले. पुढच्यांनी मात्र त्या बोलीचे वरचे टरफल उचलले आणि ते गडचिरोलीपासून चंदगडपर्यंत सगळ्या खेड्यांना वाटून टाकले. बोली ही स्थळाची खूण असते. येथे ती दर्जाची खूण झाली. पडद्यावर जो 'पानी' म्हणतो तो कोणत्या जिल्ह्यातला हे प्रेक्षकाला कळत नाही, तो आपल्यापेक्षा खालचा आहे एवढे मात्र लगेच कळते.

आता अंबाजोगाईच्या बस स्थानकावर पाच मिनिटे उभे राहावे. 'काय करायलास?' 'जायलाव घरी.' 'कामून?' या तीन उद्गारांत पडद्यावरच्या ग्रामीणला ठाऊक नसलेले एक संपूर्ण व्याकरण आहे. प्रमाण मराठी जिथे 'करत आहेस' असे दोन शब्द योजते, तिथे ही बोली 'करायलास' या एकाच क्रियारूपात चालू काळ बसवते. थोडे दक्षिणेला, लातूरकडे सरकले की तेच 'करूलालास' होते. नागपूरकडे 'करून राहिलास'. म्हणजे केवळ या एका रूपावरून माणूस कोणत्या वाटेने आला ते सांगता यावे. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, अंबाजोगाईचे नाव तेव्हा मोमिनाबाद होते. दखनीचा सहवास इथल्या शब्दसंग्रहात आणि हेलात मुरलेला आहे. 'बोली म्हणजे बिघडलेली प्रमाणभाषा' अशी समजूत असलेला नट या हेलाजवळ कधीच पोहोचू शकत नाही. तो प्रमाण मराठी वाक्य घेतो, त्यात चार चुका पेरतो, आणि बोली झाली असे मानतो. वाईट प्रयत्नाची माझ्या मते हीच एकमेव खात्रीची ओळख आहे.

मकरंद अनासपुरे यांचे नाव या संदर्भात टाळता येत नाही. बिडकीनचा हा नट मुंबईच्या व्यवसायात मराठवाड्याचा हेल घेऊन शिरला आणि तो न पुसता नायक झाला, ही लहान गोष्ट नव्हे. 'कायद्याचं बोला' (२००५) सारख्या चित्रपटात कोर्टात वाद घालणारा माणूस त्या हेलात बोलतो हेच तेव्हा नवे होते. त्यांचा लहेजा खोटा आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. तथापि व्यवसायाने त्या लहेजाचे काय केले? त्याला विनोदाचे नाणे बनवले. हेल ऐकू आला की हसायचे, असा करार प्रेक्षकाशी झाला. नंतरच्या नकलाकारांनी विनोदी कार्यक्रमांतून ते नाणे इतके घासले की त्यावरचा छाप उरला नाही. 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' (२००९) मध्ये हाच नट शेतकऱ्याची व्यथा घेऊन उभा राहिला. पण प्रेक्षकाचा कान तोवर हसण्यासाठी तयार करून ठेवलेला होता. यात दोष नटाचा नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

आणि विनोदालाही माझा विरोध नाही. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात बावन्न माणसे उभी केली. ती हसवतात, पण ती एका सुरात बोलत नाहीत. म्हातारीचा हेल निराळा, नवशिक्षिताचा निराळा, गावातल्या थोरामोठ्यांचा आणखी निराळा. बोलीतही वय असते, जात असते, शाळेत काढलेली वर्षे असतात, हे त्यांना विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवताना नव्हे, तर ऐकताना कळले असणार. पडद्याला हे बावन्न आवाज दिसलेच नाहीत. त्याने एकच उचलला.

'मग स्थानिक नटच घ्या' हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. स्कॉटिश इंग्रजीचे उदाहरण पाहावे. 'हायलँडर' (१९८६) मध्ये फ्रेंच नट ख्रिस्तोफर लँबर्ट स्कॉटिश वीर झाला, आणि खराखुरा स्कॉट शॉन कॉनरी आपल्या स्कॉटिश उच्चारांतच इजिप्तचा माणूस झाला! उलट 'ट्रेनस्पॉटिंग' (१९९६) मध्ये इंग्लंडचा जॉनी ली मिलर एडिंबरोच्या पोरांत असा मिसळला की वेगळा काढता येऊ नये. आपल्याकडे 'फँड्री' (२०१३) मधला कचरू माने पाहा. किशोर कदम हे सत्यदेव दुबे यांच्या तालमीत घडलेले मुंबईचे नट आणि 'सौमित्र' या नावाचे कवी. पण त्यांचा कचरू बोलीचे प्रदर्शन करीत नाही. तो बहुतेक वेळ मान खाली घालून तोंडातल्या तोंडात बोलतो, आणि त्या पुटपुटण्यात एका माणसाची सारी लाचारी ऐकू येते. जन्मगाव पुरेसे नाही आणि आवश्यकही नाही. कान आवश्यक आहे.

कानाबरोबर यंत्रही. 'ख्वाडा'ला चित्रीकरणस्थळीच ध्वनिमुद्रण केल्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, याची आपल्या समीक्षेने फारशी दखल घेतली नाही. बोली उघड्या माळावर बोलली जाते तेव्हा तिच्यात वारा, दम आणि अंतर असते. नंतर बंद खोलीत पडद्याकडे पाहून तीच वाक्ये पुन्हा म्हटली की 'ग्रामीण' परत येते.

दुसरा आक्षेप निर्मात्यांचा असतो: बोली सगळ्यांना कळत नाही, म्हणून पातळ करावी लागते. 'सैराट'ने (२०१६) हा आक्षेप निकालात काढला. अकलूजच्या रिंकू राजगुरूची आर्ची करमाळ्याकडच्या बोलीत बोलली आणि मुंबईपासून नागपूरपर्यंत चित्रपटगृहे भरली. 'स्थळ' या चित्रपटाने चंद्रपूरकडच्या खेड्यातली माणसे त्यांच्याच बोलीसह टोरांटोच्या महोत्सवात २०२३ साली नेली. मराठवाड्याच्या वाट्याला मात्र अशी गंभीर बोली फार उशिरा आली. नांदेड जिल्ह्यातल्या हनुमंत केंद्रे यांच्या पाणीसंघर्षावरचा 'पाणी' २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. आदिनाथ कोठारे हे मुंबईचे. त्यांच्या हेलाची बारकाईने तपासणी करता येईल, आणि करावीही. पण इथे हा हेल हसवण्यासाठी आणलेला नाही. त्यात एक तरुण प्रेम करतो, गावाशी वाद घालतो, हट्ट धरतो. एवढ्यासाठी मी त्या प्रयत्नाला चांगल्या रांगेत बसवतो. निर्दोष हेलात केलेल्या टवाळीपेक्षा अडखळत्या हेलातला हा माणूस मला जवळचा वाटतो.

आता आपल्याकडे, म्हणजे मराठीच्या प्राध्यापकांकडे वळू. पडद्याला नावे ठेवणे सोपे आहे, परंतु 'ग्रामीण'वर हसणारा प्रेक्षक आपल्याच वर्गांतून बाहेर पडलेला आहे. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' आपण डोळ्यांत पाणी आणून शिकवतो; त्याच तासाला एखाद्या मुलीने 'सर, मी लिहायलाव' म्हटले की तिला सुधारतो. तोंडी परीक्षेत आपल्याच गावची मुले पुण्याच्या वृत्तनिवेदकाच्या सुरात बोलू लागतात आणि चौथ्या वाक्याला गप्प होतात; त्या गप्प होण्याचे गुण आपण कापतो. ज्या गावात मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची पासोडी आहे, तिथल्या मुलांना आपली मराठी लपवावीशी वाटते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यावर आपण पेढे वाटले, त्या दिवशीही तोंडी परीक्षेची रीत बदलली नाही.

डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले आहे, त्यातील ध्वनिमुद्रणे कोणालाही ऐकता येतात. नटांनी ती ऐकावीत ही अपेक्षा आहेच. एम.ए.च्या भाषाविज्ञानाच्या तासाला ती लावून, शेजारी एखाद्या लोकप्रिय मालिकेतला प्रसंग ऐकवायला मात्र कोणत्याही अभ्यासमंडळाची परवानगी लागत नाही.